निधी आणलात, पण भूमिका काय?

नोव्हेंबर 2024. विधानसभेच्या मतदानाला आठ-दहा दिवस उरले होते. आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढे कोपरा सभा होती. उमेदवार दीड तास उशिरा आले. तोवर स्पीकरवर गाणी, सतरंजीवर पोरं आणि कट्ट्यावर आमच्यासारखी रिकामी मंडळी. मग हार, फेटा, नारळ झालं आणि गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका हातोहात वाटली गेली. वर मोठ्या अक्षरात ‘कार्यअहवाल’, आत गावागणिक यादी. सभामंडप. स्मशानभूमीची शेड. पेव्हर ब्लॉक. हायमास्ट. खुली व्यायामशाळा. स्वागत कमान. पुन्हा पेव्हर ब्लॉक. शेवटच्या पानावर कोटींची बेरीज.

भाषण संपत आलं तसे आमचे निवृत्त गुरुजी उभे राहिले. म्हणाले, “दादा, आपल्या शाळेत सहावी-सातवीला मिळून सतरा पोरं आहेत. नव्या संचमान्यतेत तिथं शिक्षकाचं पद शून्य होतंय म्हणतात. तुमची भूमिका काय?”

दादांनी शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं. त्यानं पुस्तिका उघडली, बोट ठेवलं, कानात काही सांगितलं. दादा खुलले. “गुरुजी, शाळेच्या वॉल कंपाउंडला बारा लाख मंजूर केलेत. पान एकेचाळीस बघा.”

टाळ्या पडल्या. गुरुजी खाली बसले.

मला तेव्हा हसू आलं होतं. रात्री घरी पुस्तिका चाळताना मात्र लक्षात आलं की दादांनी प्रश्न टाळला नव्हता. खोटंही बोलले नव्हते. आपण उत्तर दिलं असंच त्यांना मनापासून वाटत होतं. शाळेबद्दल विचारलं, शाळेबद्दल सांगितलं. आमदारकीच्या उमेदवाराला एखाद्या गोष्टीवर ‘भूमिका’ असू शकते, ही कल्पनाच त्या मांडवात कुणाच्या डोक्यात नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या तर नव्हतीच.

आता ते शाळेचं प्रकरण काय होतं ते बघा. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं 15 मार्च 2024 ला संचमान्यतेचा, म्हणजे पट बघून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवण्याचा, शासन निर्णय काढला. सहावी ते आठवीच्या गटाचा पट वीसच्या आत असेल तर तिथं नियमित शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही, असं त्याचं साध्या भाषेत फळ. या निर्णयाविरुद्ध त्या वर्षीच्या सप्टेंबरात राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले होते. हा निर्णय ग्रामपंचायतीचा नव्हता, जिल्हा परिषदेचा नव्हता, दिल्लीचाही नव्हता. मंत्रालयात निघालेला कागद होता, आणि त्याचा जाब जिथं विचारता येतो त्या सभागृहात जाण्यासाठीच दादा मतं मागत होते. म्हणजे गुरुजींनी गावचा प्रश्न अगदी योग्य माणसाला, योग्य पातळीवर विचारला होता. दादांनी तो उचलून सरपंचाच्या टेबलावर ठेवला.

आमच्याकडे आमदारकीच्या उमेदवाराची ‘स्थानिक प्रश्नांवरची मतं’ म्हणजे कामांची यादी. त्यानं काय आणलं, काय आणणार. गावच्या प्रत्येक दुखण्याचा एक धागा वर विधान भवनापर्यंत जातो आणि त्या टोकाला एखादा कायदा, एखादा शासन निर्णय, एखादं लेखाशीर्ष असतं, हे आपण विसरलो आहोत. तेव्हा आमदाराकडे गटार मागू नये असं मी म्हणत नाही. त्या गटाराचं वरचं टोक मागावं, एवढंच म्हणतो.

गटाराचंच घेऊ. तालुक्याच्या कुठल्याही गावाबाहेर पाच-दहा वर्षांत उठलेली एखादी वस्ती बघा. गुंठ्या-गुंठ्यानं विकलेली जमीन, साठेखतावर किंवा नोटरीवर झालेले व्यवहार, सातबाऱ्यावर सामायिक नावं, बिनशेती नाही, मंजूर लेआउट नाही. त्यामुळे रस्ता कुणाचा हेच ठरलेलं नाही, आणि रस्ता नाही म्हटल्यावर गटार कुठून येणार? याचं मूळ शोधत गेलात तर 1947 च्या तुकडेबंदी कायद्यापाशी पोचाल. शेतजमिनीचे बारीक तुकडे होऊन शेती परवडेनाशी होऊ नये म्हणून केलेला तो कायदा. हेतू चांगला. पण शहरं फुगली, माणसाला शेत नको, घरापुरता गुंठा हवा होता, आणि कायदा अंगठा दाबून बसला. मग अशा वस्त्या नियमित करायला 2001 चा गुंठेवारी कायदा आला, मुदती आल्या, सवलती आल्या. 2025 मध्ये सरकारनं पुन्हा तुकडेबंदीतून सूट देण्याची घोषणा केली. या सगळ्या काळात आमच्या भागातल्या एकाही उमेदवारानं, कुठल्याही पक्षाच्या, ‘तुकडेबंदीबद्दल माझं मत हे आहे’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि त्या वस्त्यांमध्ये दर निवडणुकीत मुरूम मात्र पडला.

मुरूम पडतो तो आमदार स्थानिक विकास निधीतून. हा निधी आज आमदारामागे वर्षाला पाच कोटी आहे. 288 मतदारसंघांचा हिशेब केला तर 1,440 कोटी होतात. ऐकायला मोठा आकडा. पण राज्याचा 2024-25 चा अर्थसंकल्प सहा लाख कोटींच्या वर होता. म्हणजे आमदारांच्या हातानं वाटला जाणारा हा पैसा एकूण खर्चाच्या पाव टक्काही भरत नाही. उरलेल्या पावणेशंभर टक्क्यांवर हाच आमदार सभागृहात मत देतो. कित्येक खात्यांच्या मागण्या तर अधिवेशनाच्या शेवटी चर्चेविनाच मंजूर होतात, ‘होय’ म्हणणाऱ्यांच्या आवाजावर. पाव टक्क्याची चौसष्ट पानी पुस्तिका निघते, बाकीच्याबद्दल एक ओळ नसते. किराणा दुकानदारानं गल्ल्यातल्या चिल्लरचा पै-पै हिशेब लिहावा आणि गोदामाची किल्ली कुठं आहे ते त्याला माहीतच नसावं, तशातली गत.

आता यावर कुणी म्हणेल, लोकांना निधीच हवा असतो, भूमिका घेऊन काय चाटायची? या आक्षेपाला टाळून पुढे जाता येत नाही, कारण मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आमच्या वस्तीचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. अर्ज झाले, हेलपाटे झाले. शेवटी आमदारांच्या पीएला फोन लावला आणि दोन दिवसांत डीपी आला. त्या दिवशी मला भूमिका नको होती, डीपीच हवा होता. अडल्या माणसाला तत्त्वज्ञान सांगू नये.

शिवाय त्या काळात दुसरं दार होतं तरी कुठं? आपल्या राज्यघटनेत 74 व्या दुरुस्तीनं शहरांची आणि 73 व्या दुरुस्तीनं गावांची सरकारं उभी केली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. प्रत्यक्षात छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईच्या महापालिका 2020 पासून प्रशासकाच्या हाती गेल्या. मुंबई, पुणे, नागपूर मार्च 2022 मध्ये. बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्याही त्याच महिन्यात. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा या सगळ्यात वर्षं गेली. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठं 2 डिसेंबर 2025 ला नगरपरिषदांचं आणि 15 जानेवारी 2026 ला महापालिकांचं मतदान झालं. म्हणजे नोव्हेंबर 2024 मध्ये आपण विधानसभेला मत दिलं तेव्हा मुंबईपासून आमच्या पंचायत समितीपर्यंत लोकांनी निवडून दिलेला माणूस जवळजवळ कुठंच नव्हता. नगरसेवक नाही, झेडपीचा मेंबर नाही. नळाला पाणी नाही म्हणून कुणाकडे जायचं? आमदाराकडे. आमदार आपोआप नगरसेवक झाला, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडलंही. खालचे स्पर्धक नाहीसे झाले, अधिकारी थेट त्याचं ऐकू लागले, नारळ फोडायला तो एकटाच उरला.

इतकी वर्षं खालची घरं ओस पडली तरी सभागृहात किती आमदारांनी त्यासाठी घसा कोरडा केला? विरोधी बाकांवरून अधूनमधून आवाज आला, हे खरं. पण आज विरोधात असलेलेही त्या काळात कधी ना कधी सत्तेत होते. ‘माझ्या मतदारसंघात नगरसेवक लवकर निवडून आले पाहिजेत’ ही मागणी आमदाराच्या सोयीची नाही. म्हणूनच ती उमेदवाराच्या तोंडून वदवून घेण्यासारखी भूमिका आहे.

‘निधी आणणारा आमदार’ या कल्पनेचं एक पिल्लू आहे, ते जास्त विषारी. आमदाराचं मुख्य काम निधी आणणं हे एकदा मान्य केलं की विरोधी पक्षात बसणं हा मतदारांशी द्रोह ठरतो. कारण निधी कुणाकडे असतो? सत्तेकडे. जिल्हा नियोजन समितीच्या नाड्या पालकमंत्र्याच्या हातात, पुरवणी मागण्यांत कुणाची कामं बसवायची ते वर ठरतं. मग जून 2022 मध्ये शिवसेनेत आणि जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादीत जे झालं तेव्हा अनेक आमदारांनी काय सांगितलं, आठवतंय? निधी मिळत नव्हता, दुजाभाव होत होता, मतदारसंघाच्या विकासासाठी निर्णय घ्यावा लागला. आपण हे ऐकून नाकं मुरडली. खोके वगैरे बोललो. पण जरा स्वतःच्या पुस्तिकेत डोकावून पाहू. ज्या मापानं आपण त्यांना पाच वर्षं मोजत होतो, त्या मापानं त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. निधी हेच जर आमदारकीचं फळ असेल, तर ज्या झाडाला ते लागलंय तिकडं उडी मारणं हे कर्तव्यच. पक्षांतराची जमीन आपण नांगरून ठेवली होती. पेरलं त्यांनी, एवढंच.

भूमिका असलेल्या आमदाराला पक्ष बदलणं जड जातं, कारण भूमिका बरोबर न्यावी लागते किंवा मागं टाकावी लागते आणि दोन्ही लोकांना दिसतं. निधीला पक्ष नसतो.

आमच्या भागात हे सगळं नेहमीच असं नव्हतं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 1962 साली पहिल्यांदा निवडून आले. 1972 आणि 1995 ला हरले, तरी एकूण 11 वेळा विधानसभेत गेले, तेही शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर. निधीच्या मापानं त्यांचं डिपॉझिट जप्त व्हायला हवं होतं! पण सांगोल्यातल्या कुणालाही विचारा, गणपतरावांची पाण्यावरची भूमिका त्याला तोंडपाठ असते. 1993 पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव या मंडळींनी तिथं पाणी ‘आणा’ एवढंच म्हटलं नाही. ते कसं वाटायचं, समन्यायी म्हणजे नेमकं किती, भूमिहीनाला त्यात हक्क आहे का, हे वाद तिथं घातले गेले. माणदेशातला माणूस एरवी पाण्याचं नाव काढलं की टँकरवर येऊन थांबतो. त्याला कालव्याच्या टोकाशी बसणाऱ्याचा हिस्सा किती यावर भांडायला या परिषदेनं शिकवलं.

त्याहून जुनं उदाहरण वि. स. पागे यांचं. ते थेट लोकांतून निवडून आलेले आमदार नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते, पण गोष्ट इथं चपखल बसते. सांगली जिल्ह्यातला माणूस. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात त्यांनी गावातच मजुरांना काम देण्याचा प्रयोग केला. दुष्काळात हाताला काम द्यायचं हा प्रश्न आपल्या गावापुरता ठेवून त्यांना दोन बंधारे मंजूर करून घेता आले असते. त्यांनी तोच प्रश्न वर नेला. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीनं राज्यभर माणसं जगवली, शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून त्यातून पैसा उभा केला आणि 1977 साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम मिळणं हा हक्क झाला. पुढे 2005 साली देशानं त्याच धर्तीवर कायदा केला. एका तालुक्यातल्या खडी फोडणाऱ्या बायांचं दुखणं राज्याच्या कायद्यात कसं उतरतं, ते बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. विसापूर इथंच आहे.

मग आजच्या उमेदवारानं काय करावं? त्याचं थोडं जवळून एक उदाहरण देतो, कारण हवेत बोलायला सगळ्यांनाच जमतं.

कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून ते पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून आमच्याकडे येतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या तिन्ही योजनांची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे वीजबिल. बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की आंदोलन, असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी शासनानं 81 टक्के बिल स्वतः भरायचं आणि 19 टक्के शेतकऱ्यांकडून घ्यायचं असं ठरवलं. ‘एक्याऐंशी-एकोणीस’ हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. निवडणुकीत सगळे उमेदवार म्हणतात, पाणी मी आणलं. एक म्हणतो माझ्या वडिलांनी आणलं, दुसरा म्हणतो माझ्या सहीनं आलं. यावर सभा रंगतात. पण पाणी आलं, आता पुढे काय, यावर चिडीचूप.

पुढचे प्रश्न टोचणारे आहेत. पाणी आलं तसं डाळिंब आणि ज्वारीच्या रानात ऊस घुसला. पाणीपट्टी आजही बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र बघून लागते, नेमकं किती पाणी घेतलं हे मोजलं जात नाही. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं पाणी वापर संस्थांना मोजून, घनमापनानं पाणी द्यायचं म्हटलंय. मग ते आमच्या पोटचाऱ्यांवर कधी दिसणार? वरच्या अंगाला पाटानं ऊस भिजवणारा आणि खालच्या टोकाला एका आवर्तनाची वाट बघणारा, दोघांना एक्याऐंशी टक्क्यांची सवलत सारखीच का? ही सवलत म्हणजे शेवटी मुंबईच्या करदात्यापासून गडचिरोलीच्या मजुरापर्यंत सगळ्यांचा पैसा आहे. माझं मत विचाराल तर सवलत राहावी, पण मोजलेल्या पाण्यावर राहावी, आणि ठरावीक कोट्याच्या पुढे पाणी घेणाऱ्यानं पूर्ण दर मोजावा. हे लिहिताना माझ्या चुलतभावाचा चेहरा डोळ्यांपुढे येतोय. त्याचा चार एकर ऊस आहे, आणि हा लेख त्याच्या हाती पडला तर दिवाळीचा फराळ बहुधा येणार नाही.

उमेदवारानं माझ्याशी सहमत व्हावं असा आग्रह नाही. त्यानं उलट म्हणावं, की नाही, ऊस उत्पादकालाच आधार हवा, क्षेत्रावरचीच पट्टी बरी, मोजमापाची यंत्रं टिकत नाहीत. हरकत नाही. निदान मला कळेल की हा माणूस कुठं उभा आहे, आणि पाच वर्षांनी तो तिथंच आहे की सरकलाय. ‘शेतकऱ्यांना न्याय मिळवून देणार’ या वाक्याला विरोध करता येत नाही, म्हणजेच त्यात काही नाही.

शहरातही हेच. पुण्यातल्या कसब्याची पोटनिवडणूक 26 फेब्रुवारी 2023 ला झाली. पुण्याला तेव्हा वर्षभर नगरसेवक नव्हते. कसब्यात चार प्रकारची दुखणी होती आणि प्रत्येकाचं टोक वेगळ्या ठिकाणी बांधलेलं होतं. स्वतः राहत असलेल्या घरावरची 40 टक्के मिळकतकर सवलत 1970 पासून मिळत आलेली आणि काही वर्षांपूर्वी काढून घेतलेली. ती परत द्यायची तर राज्य सरकारनं ठरवायचं. जुन्या वाड्यांचा पुनर्विकास अडलेला, कारण इंच इंच जागेवर उभ्या वाड्याला बाजूला अंतर सोडायचे नियम लावले तर घरच उरत नाही. तीही राज्याची विकास नियंत्रण नियमावली. शनिवारवाड्याच्या 100 मीटरच्या आतल्या वाड्यांना मात्र केंद्राचा पुरातत्त्व कायदा आडवा येतो, त्याला 2010 च्या दुरुस्तीनं आणखी घट्ट केलंय. तिथं आमदार केवळ संसदेच्या दारावर ओरडू शकतो. आणि गल्लीतलं ड्रेनेज, पार्किंग, कचरा हे महापालिकेचं. कसब्याच्या सुजाण मतदाराला हा नकाशा समोर मांडणारा उमेदवार हवा होता: हे माझ्या हातात आहे, हे दिल्लीत आहे, आणि हे माझ्याकडे मागू नका, त्यासाठी महापालिकेची निवडणूक मागा. तसं कुणी मांडलं नाही. पण मिळकतकराचा मुद्दा प्रचारात तापला, भाजपचा बालेकिल्ला काँग्रेसनं जिंकला आणि काही आठवड्यांत सरकारनं सवलत पुन्हा लागू केली. राज्याच्या हातातला प्रश्न राज्याच्या निवडणुकीत नेमका विचारला गेला तर हलतो, याचा इतका ताजा पुरावा क्वचित मिळतो. (सवलत योग्य होती का, हा वेगळा वाद. महापालिकेच्या उत्पन्नाला लागलेलं भोक कुणी बुजवायचं, हे तेव्हा एकाही स्टेजवरून ऐकू आलं नाही.)

जाणकार मंडळी इथं पक्षादेशाचा मुद्दा काढतील. 1985 पासून दहावी अनुसूची आहे, आमदारानं व्हिपच्या विरोधात मत दिलं तर आमदारकी जाते. मग त्याची वैयक्तिक मतं विचारून उपयोग काय? उपयोग आहे. व्हिप मतदानाला बांधतो, तोंडाला बांधत नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, अशासकीय विधेयक, औचित्याचा मुद्दा, ही सगळी हत्यारं प्रत्येक आमदाराच्या हातात असतात आणि ती चालवायला पक्षाध्यक्षाची सही लागत नाही. पंचायत राज समिती, लोकलेखा समिती, अंदाज समिती यांत बसून अधिकाऱ्याला कागद दाखवायला लावता येतात. सतरा पोरांच्या शाळेवर एक लक्षवेधी लागली असती तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं, ते कामकाजात छापलं गेलं असतं, आणि गुरुजींना ते दाखवता आलं असतं. कदाचित निर्णय बदलला नसता. पण बारा लाखांच्या भिंतीपेक्षा ते स्वस्त पडलं असतं, हे नक्की. आणि ज्या आमदाराला लक्षवेधी लावायला भीती वाटते, त्याची भीती व्हिपची नसते. मंत्री नाराज झाला तर पुरवणी मागण्यांतून आपली कामं उडतील, याची असते. पुन्हा निधीच.

आपण उमेदवाराला कायद्यानं काय विचारतो तेही पाहण्यासारखं आहे. अर्जासोबत त्याला शपथपत्र द्यावं लागतं. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मतदाराचा हा हक्क मान्य केला आणि त्यातून ते आलं. पत्नीच्या अंगावर किती तोळे सोनं, कुठल्या गटात किती आर जमीन, कोणत्या कलमाखाली गुन्हा, शिक्षण कुठवर, सगळं त्यात असतं. चांगलंच आहे ते. पण त्यातून मला समजतं की दादांकडे दोन ट्रॅक्टर आणि एक बुलेट आहे. तुकडेबंदीवर, संचमान्यतेवर, एक्याऐंशी-एकोणीसवर त्यांचं मत काय, हे शोधायला शपथपत्रात रकाना नाही, आणि असावा असं मला वाटतही नाही. मतं शपथेवर घेऊ लागलो तर वकिलांचंच भलं होईल. जाहीरनामा पक्षाचा असतो, मुंबईत छापलेला. 2024 मध्ये दोन्ही आघाड्यांचे जाहीरनामे महिन्याच्या हप्त्यावर एकमेकांशी बोली लावत होते, 1,500, 2,100, 3,000. त्यात आमच्या पोटचारीला जागा नव्हती, आणि राज्याच्या जाहीरनाम्यात ती असावी अशी अपेक्षाही नाही. ती जागा उमेदवाराची आहे. त्यानं चौसष्ट पानांतली एक पाठपोट, एकच, यासाठी ठेवावी. आमच्या तालुक्यातल्या पाच-सहा गोष्टी राज्याच्या कुठल्या कायद्यानं किंवा निर्णयानं अडल्यात, त्यातलं काय बदलावं असं मला वाटतं, आणि त्यानं तुमच्यापैकी कोण नाराज होईल. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. कुणीच नाराज होणार नसेल तर ती भूमिका नव्हे, ती स्वागत कमान.

हे आपण मागितल्याशिवाय मिळणार नाही, आणि मागणाऱ्याची पंचाईत मी पाहिली आहे. गुरुजी बसले तेव्हा शेजारचा म्हणाला, “गुरुजी, भिंत तर मिळतीय, कशाला वाकडं विचारता?” त्याचंही बरोबर होतं. कुंपण नव्हतं तेव्हा डुकरं वऱ्हांड्यात यायची.

भिंत झाली. मागच्या उन्हाळ्यात रंगही दिला. गेटवर संगमरवरी फलक आहे, ‘मा. आमदार यांच्या स्थानिक विकास निधीतून’. सहावी-सातवीची पोरं आता चार किलोमीटरवरच्या शाळेत जातात. शिक्षण हक्काच्या कायद्यानं ते अंतर तीनच्या आत असायला हवं. सकाळची एसटी चुकली की पोरं दूधवाल्याच्या गाडीवर बसतात, आणि पोरींपैकी दोघींनी जाणं सोडलंय.

ती पुस्तिका गुरुजींनी टाकली नाही. परवा त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा टीपॉयवर होती. पान एकेचाळीस उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. ‘वॉल कंपाउंड, रु. 12 लाख’ या ओळीसमोर समासात लाल पेननं, पेपर तपासतानाच्या त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: प्रश्न नीट वाचा.